धरणाऱ्याचा हात

सकाळपासून मागच्या खळ्यातून नारळावर बोट वाजवल्याची टकटक येत होती आणि रुक्मिणी ती मोजत होती. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या सकाळी ही टकटक व्हायची. तिचा नवरा सत्यवान नारळांच्या ढिगाजवळ उकिडवा बसायचा, एकेक नारळ कानाशी धरायचा, बोटाचं पेर दोनदा वाजवायचा आणि निकाल द्यायचा. एक टक आत काय आहे ते सांगायची, दुसरी खातरजमेची. यंदा मात्र एकाच नारळावर बोट सात-आठदा पडत होतं, आणि त्यातलं त्याने वाजवलेलं किती नि आपोआप पडलेलं किती, हे बायकोलाही सांगता आलं नसतं.

चुलीवर नारळीभाताचं पातेलं होतं. समोर दोन्ही चुलतभाऊ पाटावर मांडीला मांडी लावून बसले होते, त्याचा तिने जास्तच धसका घेतला होता. मुंबईहून रजा काढून आलेला तिचा धनेश आणि मालवणला पर्यटकांच्या होड्या चालवणारा पुतण्या अजय, दोघांचं सामाईक जमिनीवरून फिसकटल्यापासून गणपतीतही एकमेकांच्या पानाला पान लागत नव्हतं. ते एका मताचे झाले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

“आये, तू सांग तेंका,” धनेश म्हणाला. “माझां ऐकूचे नाय ते.”

“माझां ऐकतत? गोळी घेवा म्हणान सांगलां तर माकाच गोळी देतत.”

“काकी, मारूची पाळी आसती तर गोष्ट येगळी,” अजय म्हणाला. “यंदा आमची धरूची पाळी. हात हलता तो सगळ्यांका दिसतलो. गेल्या वर्षीचो व्हिडिओ लोकांनी दुबईत बसान बगलो. औंदा काय बगतले?”

“मगे तू धरतंस?” दारात उभी असलेली धनेशची बहीण भक्ती म्हणाली. ती कुडाळला शाळेत शिकवायची, सासरचा सण अर्धा टाकून आली होती. “तुका कधीपासून धरूचो आसा, तां माका ठावक आसा.”

“भक्ते, गप.”

“कित्याक गप? बाबांका धरूक द्या. फुटलो तर फुटलो. नारळच तो.”

नारळच तो, हे वेंगणी गावात फक्त शिकलेली मुलगीच बोलू शकली असती. खालच्या वाडीतला सत्यवानचा पूर्वज बाबू कुबल आणि क्रुसावाडीतला मिंगेल फर्नांडिस रापणीच्या जाळ्यातल्या मासळीच्या वाट्यावरून धक्क्यावर एकमेकांच्या उरावर बसले होते, तेव्हा कुणा शहाण्याने दोघांच्या हातात एकेक नारळ दिला आणि म्हणाला, डोकी नको, हे फोडा. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ दिला की पहिली लढत कुबल आणि फर्नांडिसांची. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, टोक बाहेर. दुसऱ्याने आपल्या नारळाचं टोक त्यावर हाणायचं. ज्याचा फुटेल तो हरला. पुढच्या वर्षी धरणाऱ्याने मारायचं. ही मानाची लढत झाल्याशिवाय गावात दुसरा नारळ लढत नाही. जिंकणारा मग काळोख पडेपर्यंत धक्क्यावर उभा राहतो आणि येईल त्याला अंगावर घेतो. गावात लोक वय विचारतानाही ह्या लढतींचा हिशेब लावतात. भक्तीचा जन्म कधीचा, तर पायस फर्नांडिसच्या बापाचं बोट मोडलं त्या वर्षीचा.

“फुटण्याचां नाय गो,” धनेशचा आवाज खाली आला. “हात हलता म्हणान पडलो नारळ हातातसून, तर? न लढताच हार. आजोबांच्या वेळेपासून असां कोणाचां झाला नाय. आणि जिंकले तर आणखीन वायट. उन्हात उभे ऱ्हवतले संध्याकाळपर्यंत. डॉक्टर काय म्हणालो तां ऐकलंस मा?”

रुक्मिणीने ऐकलं होतं. कंपवात. शिमग्यानंतर डॉक्टरने हा शब्द उच्चारला आणि त्या दिवसापासून तिने तो वाडीपासून लपवला होता. चहा अर्धा पेलाच द्यायचा. पंगतीत त्याच्या शेजारी आपण बसायचं. कोणी आलं की त्याच्या हातात जाळं नाहीतर कोयती द्यायची, म्हणजे हात कामात आहे असं वाटावं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि आज तर सगळा गाव उघड्या डोळ्यांनी धक्क्यावर जमणार होता.

टकटक थांबली. सत्यवान आत आला. उजव्या हातात एक नारळ होता, आखूड, जवळजवळ काळा, आणि तो हात त्याने डाव्या हाताने धरला होता.

“ह्यो,” तो म्हणाला. “भाताच्या पिंपात ठेव. कोण काय म्हणत होता?”

अजय पाटावरून उठला.

“कोण काय नाय म्हणणा,” रुक्मिणी म्हणाली.

“मगे च्याय दी.”

तिने अर्धा पेला दिला. तो पिऊ लागला तेव्हा दोन्ही पोरं खिडकीतून माड बघायला लागली. भक्ती तेवढी बापाकडे बघत राहिली.

नारळ पिंपात भाताखाली पुरताना रुक्मिणीच्या मनात जे आलं, ते तिने कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर केलं नसतं. तिने करंज्या डब्यात भरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि परसातून निघाली.

क्रुसावाडी म्हणजे मधल्या व्हाळाचं पाणी ओलांडलं की झाली. पायस फर्नांडिस पडवीत बसून दाढी करत होता, आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला. त्याची बायको एस्पेरांसा पायरीवर बांगडे साफ करत होती. सत्यवान आणि पायस एका होडीवर वाढले, एका वर्गात नापास झाले आणि वर्षातून एक दिवस सोडला तर कधी एकमेकांविरुद्ध उभे राहिले नाहीत.

“वैनी! करंज्ये इले,” पायस अर्ध्या गालाला फेस घेऊन हसला. “सत्या काय करता? नारळ घावलो काय? सांगू नका, सांगू नका. दगाबाजी होतली.”

“पायसभावजी, एक मागूक इलंय.”

“मागा. घर सोडून काय व्हया तां मागा.”

“आज हरा.”

पायसचा वस्तरा गालावरच थांबला. एस्पेरांसाने सुरी खाली ठेवली.

“ह्यां असां मागूचां नाय गो रुक्मिणी,” ती म्हणाली.

“ठावक आसा माका. मी काय खुळी नाय.” आणि एवढं बोलून रुक्मिणी खुळ्यासारखी रडायला लागली. शिमग्यापासून घरात रडायची सोय नव्हती. “हात बगलास ह्यांचो? तुमी बगलो आसतलास. कोणाक सांगूक नाय तुमी, तां तुमचां बरांपण. पण आज सगळे बगतले. हात हललो नि हरले, तर लोक म्हणतले, हातान हरलो. जिंकले तर हाताकडे कोण बगणा नाय. जिंकणाऱ्याचा काय कोण बगता?”

पायसने तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच राहिली.

“माझ्या पाप्पाचा बोट मोडला तरी तेनी नारळ सोडूक नाय,” तो हळू म्हणाला. “आणि मी कवळो नारळ घेवन जाव?”

“माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी जाईन वैनी. पण सत्याक कळलां तर? तुमी घरातली. तुमच्यावर आठ दिस रागावतलो नि मगे जेवतलो. माझ्या घराची पायरी तो परत चढूचो नाय.”

“तेंका कळूचां नाय.”

“सत्याक? नारळातलां?” पायस हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. मग त्याने बायकोकडे बघितलं. ती बांगड्याकडे बघत होती. “बरां,” तो म्हणाला. “जावा घराक. डोळे धुवा आदी.”

घरी परत येताना रुक्मिणीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. व्हाळावरच्या साकवाच्या फळीवर तिचा पाय घसरता घसरता वाचला, आणि तो अपशकुन की नुसतं शेवाळ, ह्याचा विचार ती धक्क्यावर जाईपर्यंत करत होती.

दुपारी एक सर पडून गेली आणि लख्ख ऊन पडलं. धक्क्यावर दोन्ही वाड्या उतरल्या होत्या. नव्या रंगाच्या होड्या, पताका, भजीची गाडी, आणि जिकडे तिकडे नारळांचे ढीग. गावातले सगळ्यात वडील भाई मेस्त ह्यांनी दर्यापुढे गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ लाटेवर गेला. लोक लगेच वळले. दर्याला नारळ देणं हे कर्तव्य होतं, खरी ओढ पुढच्याची होती.

सत्यवान पांढरा सदरा घालून मधोमध उभा राहिला. उजवा हात खिशात होता. समोर पायस आला, एक गाल गुळगुळीत आणि एक खरबरीत. कोणीतरी त्यावरून हसलं. नारळ धनेशच्या पिशवीत होता, बाबांना ओझं नको म्हणून घरून त्यानेच आणला होता. त्याने तो काढून बापाच्या डाव्या हातात दिला.

सत्यवानने नारळ कानाशी नेला. त्याच हाताचं बोट वाजवलं. मग हात तसाच राहिला.

बायकांच्या घोळक्यातून रुक्मिणी बघत होती. नारळ लांबट होता, पिंगट होता. तिने भातात पुरला तो काळा, आखूड नारळ हा नव्हताच. तिने धनेशकडे बघितलं. धनेश दर्याकडे बघत होता. अजय धनेशकडे बघत होता. तिला सगळं एकदम उमगलं. पोरांना बाप पहिल्याच ठोक्याला हरून सावलीत बसायला हवा होता. तिला नवरा जिंकायला हवा होता. दोघांनी आपापल्या मायेपोटी आपापली चोरी केली होती, आणि आता चोरीचे दोन नारळ समोरासमोर आले होते.

अजूनही ओरडता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण सत्यवानने खिशातला हात बाहेर काढून त्यात नारळ धरून मूठ पुढे केली होती, आणि धक्क्यावरचा गलका बंद झाला होता. तो हात सगळ्यांना दिसत होता. वाऱ्यात पताका हलते तसा तो हलत होता, आणि वारा तर पडलेला होता. कोणीतरी मोबाईल खाली घेतला. कोणीतरी घेतला नाही.

पायसने मारलं. अगदी बेताने.

दोन्ही नारळ फुटले.

पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. आधी ओरडा झाला, मग ओरडणाऱ्यांच्याच लक्षात आलं की कोणासाठी ओरडायचं ते कळत नाही. भाई मेस्त पुढे आले, वाकले, दोन्ही कवट्या हातात घेतल्या.

“दोनय फुटले,” ते म्हणाले. “असां कधी झाला नाय. माझ्या बापाशीन सांगलेल्यातसुदा नाय.”

हरलेला नारळ गावाने खायचा, ही रीत. आता कुठला खायचा? सत्यवानने काही न विचारता आपल्या नारळाचा तुकडा तोंडात टाकला. चावला. मग पायसच्या कवटीत बोट घातलं, तर खोबरं सायीसारखं बोटाला लागून आलं.

“ह्यो माझो भाजलेलो,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. “इस्तवात घालून काढलेलो. कवटी ठिसूळ होता तेनी. झील लबाड आसा माझो, तां बोट लावलां तेवाच कळला. म्हटलां, बापूस हरूक व्हयो आसा ना तेका, हरतंय. पोराचां मन कित्याक मोडूचां?” तो पायसकडे वळला. “पण तुझो कवळो कसो रे, पायसा?”

पायसने होड्यांकडे बघितलं, भजीच्या गाडीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. रुक्मिणी सोडून त्याने सगळ्यांकडे बघितलं, आणि तिथेच सगळं उघड झालं.

“तेंका मी सांगलंय,” रुक्मिणी म्हणाली. ती घोळक्यातून कधी बाहेर आली हे तिचं तिलाही कळलं नाही. “सकाळी गेल्लंय. हरा म्हणान हात जोडलंय. तेंची चूक नाय.”

“तू?”

“तुमचो हात गावान बगू नये म्हणान.”

सत्यवान तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर ओरडला होता, रुसला होता, एकदा ताट ढकलून उठला होता. पण असं बघितलं नव्हतं. त्यात राग असता तर तिने सोसला असता. तो दुखावला होता. आपल्याला आधीच म्हातारा करून कोपऱ्यात बसवलं, तेही घरच्यांनी आणि पायसने मिळून, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि कळतंय हे तिला दिसत होतं.

मग त्याने उजवा हात डोक्याच्या वर नेला.

“बगा रे,” तो म्हणाला. “कंपवात आसा. शिमग्यापासून. झाला बगून? अजय, तुझ्या दुबयवाल्यांकाय दाखव.”

अजयची मान खाली गेली.

“आता माझो नारळ हाड.”

धनेश हलला नाही. भक्तीने त्याच्या दंडाला धरून हलवलं, तेव्हा तो गर्दीतून गेला आणि स्कूटरच्या डिकीतून काळा, आखूड नारळ घेऊन आला. बापाच्या हातात देताना तो म्हणाला, “बाबा, मी...”

“मगे बोल,” सत्यवान म्हणाला. “पायसा, तुझो खरो खंय?”

“घराक ऱ्हवलो.”

“ऱ्हवूक नाय,” एस्पेरांसा म्हणाली आणि छत्रीच्या पिशवीतून नारळ काढून नवऱ्यापुढे धरला. “माका सकाळपासून बरां वाटत नव्हता. म्हटलां, ह्यो घोव माझो खोटेपणात कच्चो, खंय तरी अडकतलो.”

आता मात्र धक्क्यावर हशा पिकला. पण पायस हसला नाही. त्याने नारळ घेतला, हातात तोलला आणि सत्यवानच्या जवळ येऊन हळू बोलला. रुक्मिणी शेजारीच होती म्हणून तिला ऐकू आलं.

“माका जमूचां नाय, सत्या. हात हलता तुझो. नेम चुकलो तर बोटार बसतलो. हाड मोडतला.”

“मोडांदे. तुझ्या पाप्पाचा मोडला, तेवा तेची कोणी कीव केल्ली?”

“ती गोष्ट येगळी.”

“कशी येगळी? तेका गड्यासारखो मारलानी. माकाय तसोच मार. नायतर तुझ्या दारात माझो पाय परत लागूचो नाय, आणि ह्यां मी रागान सांगणंय नाय.”

पायसने नारळाचं टोक अंगठ्याने पुसलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याला गालावर फेसही नव्हता.

सत्यवानने मूठ पुढे केली. काळा नारळ मुठीत नाचत होता. त्याने दात आवळले, खांदा ताठ केला, तसा तो जास्तच नाचायला लागला. हा आता निसटतो, असं रुक्मिणीला वाटलं, आणि तिने डोळे मिटायचं ठरवलं.

“रुक्मिणी. हंय ये. मनगट धर.”

“मी?”

“मगे कोण? सकाळी पायसाकडे जावक पाय होते ना तुका?”

भाई मेस्त घुटमळले. मानाच्या लढतीत बाईमाणूस कधी उभं राहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं.

“नियम नारळाचो आसा,” शेवटी ते म्हणाले. “मनगटाचो कोणी घालूक नाय. धर गो.”

“माझोय हात कापता,” रुक्मिणी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

“कापांदे. घट धर.”

तिने दोन्ही हातांनी मनगट धरलं. शिमग्यापासून ती हा हात लपवत होती, पण एकदाही तिने तो असा धरला नव्हता. आतून काहीतरी सारखं धावत होतं, थांबत नव्हतं, आणि ते तिच्या कोपरापर्यंत चढलं. हे ह्या माणसाच्या अंगात रात्रंदिवस चालू आहे आणि आपण फक्त लोकांच्या नजरा मोजत बसलो, ह्याची तिला एवढी लाज वाटली की गावाची लाज वाटायची राहूनच गेली. तिने पाय रोवले. मनगट छातीशी ओढून धरलं. हात थांबला नाही, पण सावकाश झाला.

“मार,” सत्यवान म्हणाला.

पायसने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोट लावलं. हात मागे नेला, आणि मारला. ह्यावेळी बेताबिताने नव्हे. बापाच्या, आज्याच्या सगळ्या वर्षांचा जोर लावून मारला. रुक्मिणीने डोळे मिटून घेतले, तिच्या खांद्यापर्यंत कळ गेली आणि कडाड आवाजाने बंदरावरचे कावळे उडाले.

तिने डोळे उघडले. आधी तिने नवऱ्याची बोटं बघितली. पाची धड होती. मग नारळ बघितला. काळ्या कवटीला टोकापासून खालपर्यंत तडा गेला होता आणि पाणी तिच्या हातांवरून कोपराकडे वाहत होतं. पायसच्या हातातला नारळ अखंड होता.

क्रुसावाडी उसळली. ढोल वाजायला लागला. पायस मात्र हलला नाही, दोघांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. धनेश धावत आला आणि दोन पावलांवर थबकला.

सत्यवानने फुटलेल्या नारळाकडे नीट बघितलं, मग पायसकडे.

“सगळो जोर लावलंस मा?”

“सगळो,” पायस म्हणाला. “खांदो गेलो माझो.”

सत्यवान हसला. आधी नुसते ओठ, मग पोट, मग सगळं अंग हलवून हसला, आणि त्या हसण्यात हाताचं हलणं वेगळं ओळखूही येईना.

“हरलंय रे!” तो धक्क्यावरच्या गर्दीला ओरडून म्हणाला. “मी हरलंय!” आणि मग हळू, बायकोला, “सोड गो आता. संपली लढत.”

“सोडूचंय नाय,” रुक्मिणी म्हणाली.